अहमदाबाद २०३०: यजमानपदाची पावती शेवटी कोणाच्या नावावर फाटते?

२६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोमध्ये शिक्कामोर्तब झालं, २०३० च्या कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला. पहिल्या गेम्स १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला झाल्या होत्या, म्हणजे हे शंभरावं वर्ष. आणि त्याच्याही पुढे सरकारचा डोळा आहे २०३६ च्या ऑलिम्पिकवर, तसं पत्र ऑक्टोबर २०२४ मध्येच आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला (पुढे नुसतं आयओसी म्हणतो) गेलेलं आहे. ही बातमी आल्यापासून जिथे बघावं तिथे दोनच प्रकारची माणसं दिसतात, एकांना खूप अभिमान वाटतोय आणि दुसरे म्हणतायत झालं, आता परत २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थसारखा घोटाळा. अभिमान वाटणं चूक नाही आणि घोटाळ्याची भीतीही खोटी नाही, पण या सगळ्यात मूळ प्रश्न राहूनच जातो. एकूण खर्च किती हा तो प्रश्न नाहीच. ठरल्यापेक्षा वर जो खर्च जाणार आहे, तो भरायच्या कागदावर सही कोणाची, हा आहे. तेवढं एकदा समजलं की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडत जातात, म्हणून जरा मुळापासून बघू.

खर्चाचा एक आकडा नसतोच, वह्या तीन असतात

कुठल्याही मोठ्या स्पर्धेनंतर कुणी सांगतं फायदा झाला, कुणी सांगतं शहर कर्जात बुडालं, आणि बरेचदा दोघंही खरंच बोलत असतात, फक्त दोघांनी वेगवेगळी वही उघडलेली असते.

पहिली वही आयोजन समितीची. ही समिती फक्त त्या स्पर्धेपुरती नेमलेली असते आणि तिचं काम म्हणजे ते दोन-तीन आठवडे नीट पार पाडणं, खेळाडूंचं जेवणखाण, बसेस, तिकिटं, उद्घाटनाचा सोहळा, स्वयंसेवकांचे कपडे वगैरे. तिच्याकडे उत्पन्नही असतं, तिकीट विक्री, स्पॉन्सर, आयओसीकडून मिळणारा वाटा. दुसरी वही बांधकामाची, म्हणजे स्टेडियम, पोहण्याचे तलाव, खेळाडूंना राहायला इमारती. आणि तिसरी वही सगळ्यात जाड, तिच्यात मेट्रो, रस्ते, उड्डाणपूल, विमानतळ, पोलीस बंदोबस्त असं सगळं येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीतला बहुतेक खर्च सरकारी, म्हणजे तुमचाआमचा.

पॅरिस २०२४ चं घ्या. तिथल्या आयोजन समितीने शेवटी साडेसात कोटी युरोच्या आसपास शिल्लक दाखवली, त्यावर लगेच "पॅरिसने ऑलिम्पिक फायद्यात भरवलं" अशा बातम्या आल्या. पण फ्रान्समध्ये सरकारी खर्च तपासणारी, आपल्या कॅगसारखी जी संस्था आहे तिने सप्टेंबर २०२५ च्या अहवालात सरकारी तिजोरीतून गेलेला पैसा मोजला तर तो साडेसहाशे कोटी युरोंच्या वर निघाला. शिल्लक पहिल्या वहीत आहे, साडेसहाशे कोटी बाकीच्या हिशोबात आहेत, आणि दोन्ही आकडे एकाच स्पर्धेचे आहेत! शिवाय हे पॅरिस म्हणजे काटकसरीचं उदाहरण बरं का, तिथे ९५ टक्के जागा आधीच असलेल्या किंवा तात्पुरत्या उभ्या केलेल्या होत्या.

त्यामुळे पुढच्या वेळी कुठल्या मंत्र्याने किंवा संघटनेच्या अध्यक्षाने "स्पर्धा स्वतःचा खर्च स्वतः काढेल" असं म्हटलं तर लगेच विचारायचं, कुठल्या वहीतला खर्च?

मग एवढी कमाई होते ती जाते कुठे?

टीव्हीचे हक्क, जगभरच्या मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती, पैसा तर प्रचंड येतो. आयओसीचं २०२१ ते २०२४ या चार वर्षांचं उत्पन्न साडेसातशे कोटी डॉलरच्या वर होतं. पण हा पैसा मुळात यजमान शहराचा नसतो, टीव्हीच्या हक्कातला अर्ध्याहून जास्त हिस्सा आयओसी स्वतःकडे ठेवते. असं समजा की लग्न तुमच्या दारात आहे, मांडव तुमचा, केटररचं बिल तुमचं, पाहुण्यांना उतरायला खोल्या तुम्ही बांधायच्या, पाऊस आला तर ताडपत्रीही तुमचीच, आणि आहेराच्या पाकिटांची पेटी मात्र ज्यांनी मुहूर्त काढून दिला ते घेऊन जाणार आणि त्यातलं काही तुमच्या हातावर ठेवणार. आयओसीचं म्हणणं असं की आम्ही ९० टक्के पैसा परत जगभरच्या खेळांवरच घालतो, खेळाडूंना, वेगवेगळ्या देशांच्या संघटनांना देतो. ते मान्य केलं तरी तो पैसा जगभर वाटला जातो आणि यजमान शहराचा हप्ता शहरालाच भरावा लागतो.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपचंही तेच. २०१४ ला ब्राझीलने फिफाला करांमधून भरघोस सूट दिली, आणि तिथल्या स्टेडियममध्ये बिअर विकायला बंदी होती (मारामाऱ्या व्हायच्या म्हणून घातलेली), तीसुद्धा वर्ल्ड कपपुरती उठवायला लागली कारण बिअर कंपनी फिफाची स्पॉन्सर. आपल्याकडेही हा करमाफीचा वाद झालेला आहे, २०१६ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला आपल्या सरकारने करमाफी दिली नाही तर आयसीसीने बीसीसीआयच्या वाट्यातून पैसे कापून घेतले. सरकारने कर सोडला असता तर तो तोटा आपला होता, नाही सोडला म्हणून तो बोर्डाच्या अंगावर गेला. आयसीसीचं दोन्हीकडून काही जाणार नव्हतं.

बजेट दरवेळी फुगतं, ते का?

ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी १९६० पासूनच्या ऑलिम्पिकचे आकडे काढून बघितले. ज्यांचे आकडे मिळाले त्यातलं एकही ऑलिम्पिक ठरलेल्या खर्चात बसलं नाही, आणि सरासरी वाढ १७२ टक्के. म्हणजे शंभर रुपये सांगितले तर शेवटी दोनशे बहात्तर लागतात, सरासरी. तेही महागाईमुळे होणारी वाढ वगळून. धरणं, पूल, बोगदे यांचेही खर्च वाढतात हे आपण बघतोच, पण एकही अपवाद नाही असं दुसऱ्या कुठल्या मोठ्या कामात सहसा होत नाही.

पहिलं कारण बोलीतच आहे. यजमानपद मिळवायला शहरं एकमेकांशी चढाओढ करतात, आणि ज्याला हवंय तो खर्च कमी दाखवतो आणि आश्वासनं जास्त देतो, म्हणून बरेचदा जिंकतो तोच ज्याचा अंदाज सगळ्यात चुकलेला असतो. लंडनने २००५ ला बोली जिंकली तेव्हा २४० कोटी पौंड सांगितले होते, दोन वर्षांत सरकारने तोच आकडा ९३० कोटींवर नेला. टोकियोने २०१३ ला ७३० अब्ज येन म्हटलं, शेवटचा अधिकृत आकडा १,४०० अब्जांच्या वर गेला आणि तिथल्या ऑडिटवाल्यांनी मोजला तर त्याहूनही जास्त, वर कोविडमुळे स्टेडियम रिकामी म्हणून तिकिटाचा पैसाही बुडाला.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे तारीख हलत नाही. तुमच्या गावचा उड्डाणपूल दोन वर्षं लांबला तर आपण शिव्या घालतो पण सरकारला ठेकेदाराशी भांडायला वेळ असतो, निविदा परत काढता येते, काम छाटता येतं. इथे उद्घाटनाचा दिवस सात वर्षं आधी ठरलेला, जगभरचे खेळाडू येणार, टीव्हीचे हक्क विकलेले. सहा महिने आधी ठेकेदार म्हणाला की अजून दोनशे कोटी लागतील तर नाही म्हणायची ताकदच कुणात नसते. ही गोष्ट ठेकेदारालाही पहिल्या दिवसापासून माहीत असते.

आणि तिसरं कारण म्हणजे ती सही. यजमान होताना शहराला किंवा सरकारला लिहून द्यावं लागतं की तोटा झाला, खर्च वाढला तर आम्ही भरू. याला हमीपत्र म्हणू. किती भरू याला मर्यादा नाही. असं हमीपत्र हातात असल्यावर खर्च आटोक्यात ठेवायची गरज वाटावी तरी कुणाला?

मॉन्ट्रियलचं उदाहरण तर मनाला लागतं. १९७६ च्या ऑलिम्पिकआधी तिथले महापौर जाँ द्रापो म्हणाले होते की पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य तितकाच ऑलिम्पिकला तोटा होणं अशक्य. खर्च ७२० टक्क्यांनी वाढला. स्पर्धा सुरू झाली तेव्हा मुख्य स्टेडियमचा मनोरा अर्धवटच होता, तो पूर्ण व्हायला पुढची दहा-अकरा वर्षं गेली. कर्ज फेडायला सिगारेटवर खास कर बसवला आणि ते फिटलं २००६ साली. तीस वर्षं! ज्यांचा ऑलिम्पिकनंतर जन्म झाला ती मुलं मोठी होऊन सिगारेट ओढायला लागली आणि त्यातूनही ते कर्ज फिटत होतं. आणि हे संपलं असं वाटेल तर नाही, त्या स्टेडियमचं छत कधीच धड झालं नाही, २०२४ मध्ये क्युबेक सरकारने नव्या छतासाठी ८७ कोटी कॅनेडियन डॉलर जाहीर केले.

"पण दिल्लीत घोटाळा झाला म्हणून खर्च वाढला ना?"

हा आक्षेप आपल्याकडे सगळ्यात आधी येतो, आणि मराठी माणसाच्या जरा जास्तच लक्षात आहे कारण आयोजन समितीचे अध्यक्ष पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी होते. २०११ मध्ये त्यांना अटक झाली, ट्रेडमिलच्या भाड्याच्या आणि टॉयलेट पेपरच्या किमतीच्या बातम्या महिनोन्महिने चालल्या, आणि मनी लाँडरिंगच्या प्रकरणात ईडीने क्लोजर रिपोर्ट दिला तो दिल्लीच्या कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये स्वीकारला. कोण दोषी कोण नाही हा कोर्टाचा विषय, तो तिथेच राहू द्या. मला म्हणायचंय ते वेगळंच आहे.

कॅगचा २०११ चा अहवाल आहे, तो सांगतो की बोली लावताना खर्चाचा अंदाज होता १,२०० कोटी आणि शेवटी झाला १८,५३२ कोटी, आणि यात विमानतळ आणि मेट्रोवाल्यांनी केलेली गुंतवणूक धरलेलीच नाही. पंधरा पट. आता ट्रेडमिल आणि टॉयलेट पेपरचे सगळे आरोप शंभर टक्के खरे मानले तरी ते काही १७ हजार कोटी होत नाहीत. मोठा पैसा गेला तो स्टेडियम, रस्ते, पूल, खेळाडूंचं गाव यात, आणि घाईत गेला. नोव्हेंबर २००३ मध्ये यजमानपद मिळालं, तेही शेवटच्या क्षणी प्रत्येक सहभागी देशाला तयारीसाठी एक लाख डॉलर देतो असं सांगून, आणि त्यानंतर २००६ च्या मध्यापर्यंत काम जवळपास हललंच नाही असं कॅगचं म्हणणं. सातातली अडीच-पावणेतीन वर्षं अशीच गेली. मग शेवटी जी पळापळ झाली त्यात परवानग्या घाईत, निविदा घाईत, दर मिळेल तो. २१ सप्टेंबर २०१० ला, उद्घाटनाला दोन आठवडेही नव्हते, जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल बांधता बांधताच कोसळला आणि वीसहून जास्त माणसं जखमी झाली, बहुतेक मजूरच.

म्हणून माझं म्हणणं, दिल्लीत घोटाळा नसता तरी लंडन आणि टोकियोसारखा खर्च फुगलाच असता, कारण फुगण्याची सोय करारातच आहे. चोरी थांबवा, नक्की थांबवा, पण चोरी थांबली म्हणजे बिल थांबेल असं नाही.

याच नेहरू स्टेडियमच्या नूतनीकरणावर तेव्हा ९६१ कोटी खर्च झाले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली की ते पाडून तिथे स्पोर्ट्स सिटी करायचा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचा विचार आहे. पंधराच वर्षांत.

"स्टेडियम तर मागे राहतं ना?"

राहतं, पण ते खातंही. लाइट, पाणी, गवत, छत, सुरक्षा, हा देखभालीचा खर्च बोलीच्या कागदात शोधूनही सापडत नाही.

ब्राझीलमध्ये मनाउस म्हणून शहर आहे, अॅमेझॉनच्या जंगलाच्या मधोमध, बाकी देशातून तिथे जायचं तर विमानाने नाहीतर नदीने. तिथे २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी चाळीस हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतील असं स्टेडियम बांधलं, छताचं लोखंड पोर्तुगालमध्ये तयार करून जहाजाने समुद्र ओलांडून मग नदीतून वर आणलं. खर्च तीस कोटी डॉलरच्या आसपास. सामने किती झाले? चार. इंग्लंड-इटली, कॅमेरून-क्रोएशिया, अमेरिका-पोर्तुगाल आणि होंडुरास-स्वित्झर्लंड. शहरात तेव्हा वरच्या डिव्हिजनला खेळणारा एकही क्लब नव्हता, स्थानिक सामन्याला येणारी माणसं स्टेडियमच्या एका कोपऱ्यात मावतील एवढी. वर्ल्ड कप व्हायच्या आधीच तिथल्या एका न्यायाधीशाने सुचवलं होतं की नंतर हे कैदी ठेवायला वापरू, तुरुंगात जागा नाही. तो माणूस गंभीरपणे बोलत होता.

पण प्रत्येक स्टेडियमचं असंच होतं असं मी म्हणणार नाही कारण आपल्या पुण्यातच वेगळं उदाहरण आहे. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल मुळात १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी झालं, २००८ ला तिथे कॉमनवेल्थ युथ गेम्स झाल्या तेव्हा त्यात भर पडली, मग पुढे आयएसएलचे फुटबॉल सामने झाले, २०१८ ते २०२३ एटीपीची टेनिस स्पर्धा झाली, राज्याच्या स्पर्धा, शिबिरं चालू असतात. देखभालीच्या तक्रारी तिथेही होतात, पण जागा वापरात राहिली, कारण पुणं तिथपर्यंत वाढत गेलं आणि एका स्पर्धेपेक्षा जास्त गोष्टींसाठी ती उपयोगी पडली. मनाउस आणि बालेवाडीत फरक बांधकामाच्या दर्जाचा नाही. स्पर्धा संपल्यावर सोमवारी सकाळी इथे कोण येणार, याचं उत्तर एका ठिकाणी होतं आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हतं.

"टुरिझम वाढतो, नोकऱ्या येतात, त्याचं काय?"

लोक येतात हे खरं, पण नेहमी येणारे त्याच वेळी यायचं टाळतात, गर्दी, महाग हॉटेलं, बंदोबस्त नको म्हणून. ऑगस्ट २०१२, ऐन ऑलिम्पिकचा महिना, आणि ब्रिटनमध्ये आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा साधारण ५ टक्क्यांनी कमी भरली. आलेल्यांनी पैसा जास्त खर्च केला हेही तितकंच खरं, पण "लाखो जादा पर्यटक" हे जे प्रत्येक बोलीत लिहिलेलं असतं तसं काही झालं नाही. नोकऱ्यांचं म्हणाल तर बांधकामाच्या असतात, काम संपलं की संपतात, आणि तेवढाच पैसा शाळा-दवाखाने-ड्रेनेज बांधायला घातला असता तरी तितकेच गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन कामाला लागले असते.

इथे बार्सिलोनाचं नाव हमखास काढलं जातं, १९९२. आणि ते उदाहरण खरंच चांगलं आहे, शहराने कारखान्यांनी आणि रेल्वेने अडवलेला समुद्रकिनारा मोकळा केला, रिंग रोड केला, आज जगभरचे लोक तिथे जातात. पण शहर सुधारायचा आराखडा तिथे ऑलिम्पिकच्या आधीपासून होता, ऑलिम्पिक त्यात बसवलं गेलं, उलटं नाही. शिवाय ऑक्सफर्डच्याच हिशोबाने बार्सिलोनाचा खर्चही २६६ टक्क्यांनी वाढलाच. यशस्वी म्हणून जे दाखवतात त्याची ही गत.

जो खर्च कुठल्याच वहीत येत नाही

अर्थशास्त्रात एक शब्द आहे, संधीचा खर्च. म्हणजे हा पैसा इथे घातल्यामुळे जे करता आलं नाही त्याची किंमत. ऐकायला पुस्तकी वाटतं पण दिल्लीत ते अगदी डोळ्यांसमोर घडलं. अनुसूचित जातींच्या विकासासाठी वेगळा काढून ठेवलेला निधी, सातशे कोटींच्या घरातला, दिल्ली सरकारने कॉमनवेल्थशी संबंधित कामांकडे वळवला असं माहितीच्या अधिकारात बाहेर आलं, राज्यसभेत प्रश्न आला, आणि गृहमंत्री पी. चिदंबरम यांना पैसा वळवणं चूक होतं हे मान्य करावं लागलं. हा पैसा कुणा दलित मुलाच्या हॉस्टेलचा, शिष्यवृत्तीचा, वस्तीतल्या नळाचा होता. स्पर्धेचा खर्च काढताना ही ओळ कुठेच दिसत नाही, आणि मला विचाराल तर हा सगळ्यात महाग खर्च आहे, कारण ज्याने तो भरला त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

छोटा खर्चही असाच लपतो. मुंबईत क्रिकेट मॅचला पोलीस बंदोबस्त लागतो, त्याचं शुल्क आयोजकांनी भरायचं असतं. टी-ट्वेंटी मॅचला ते ७० लाखांपर्यंत होतं, जून २०२३ मध्ये राज्य सरकारने ते १० लाखांवर आणलं, तेही मागच्या तारखेने, थेट २०११ पासून. आधीची थकबाकीही त्यात वितळली. यावर मुंबई हायकोर्टात जनहित याचिका झाली आणि कोर्टाने सरकारला विचारलं की मागच्या तारखेने कशासाठी. जगातल्या श्रीमंत क्रीडा संघटनांपैकी एकीच्या सामन्यांना हजार-दोन हजार पोलीस लागतात, त्या दिवशी ते पोलीस स्टेशनला नसतात, आणि बिल बरंचसं आपण भरतो. एका मॅचचं हे असं तर ११ दिवसांच्या, १६ दिवसांच्या स्पर्धेचं काय असेल विचार करा.

"मग कुणी भरवूच नये का?"

बऱ्याच शहरांनी खरंच नको म्हटलंय. डेन्व्हरला १९७६ चं हिवाळी ऑलिम्पिक मिळालेलं होतं, १९७२ मध्ये लोकांनी मतदान करून पैसे द्यायला नकार दिला आणि स्पर्धा इन्सब्रुकला गेली. २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या लोकांनी मतदानात नाही म्हटलं. त्याच वर्षी बॉस्टनचे महापौर मार्टी वॉल्श यांनी हमीपत्रावर सही करायला नकार दिला आणि बोली तिथेच संपली. बुडापेस्टमध्ये अडीच लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या आणि शहराने माघार घेतली. शेवटी २०२४ साठी पॅरिस आणि लॉस एंजेलिस एवढेच उरले, तेव्हा आयओसीने घाईघाईने एकाला २०२४ आणि दुसऱ्याला २०२८ देऊन टाकलं. कॉमनवेल्थचं तर विचारूच नका, २०२६ च्या गेम्स ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने घेतल्या होत्या, २६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज ६०० कोटींच्या वर जातोय म्हटल्यावर जुलै २०२३ मध्ये सरळ सोडून दिल्या. नुकसानभरपाई ३८ कोटी डॉलर, आणि तिथल्या ऑडिटर जनरलने सगळं मिळून मोजलं तर एकही शर्यत न होता ५८ कोटींच्या वर गेले. तरी सोडणंच स्वस्त पडलं! मग त्या ग्लासगोने घेतल्या, फक्त १० खेळ, चारच जागा, सगळ्या आधीपासून असलेल्या.

पण कुणी भरवूच नये असं मला वाटत नाही. मोठी स्पर्धा आपल्या मुलांनी आपल्या मैदानावर बघणं याची किंमत पैशात होत नाही, दिल्लीत २०१० ला बायकांच्या ४×४०० रिलेत आपल्या मुलींनी सोनं आणलं तेव्हाचा तो आवाज ज्यांनी ऐकला ते सांगतील. प्रश्न फक्त अटींचा आहे. आणि अटी बदलता येतात हे लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये दाखवलंय. मॉन्ट्रियलचं बघून कुणीच पुढे येत नव्हतं, तेहरानने माघार घेतली आणि लॉस एंजेलिस एकटंच उरलं. शहराच्या मतदारांनी नोव्हेंबर १९७८ मध्ये शहराच्या घटनेतच दुरुस्ती करून टाकली की परत मिळणार नसेल असा पैसा शहराने ऑलिम्पिकवर घालायचा नाही. आयओसीला आपला हमीचा नियम बाजूला ठेवावा लागला कारण दुसरा पर्यायच नव्हता. मग १९२३ साली बांधलेलं कोलिझियम वापरलं, विद्यापीठांच्या हॉस्टेलमध्ये खेळाडू ठेवले, आणि २३ कोटी डॉलरच्या आसपास शिल्लक राहिली. सही नव्हती म्हणून काटकसर झाली. तेच लॉस एंजेलिस २०२८ साठी मात्र हमी देऊन बसलंय, पहिले २७ कोटी डॉलर शहराचे, पुढचे २७ कोटी राज्याचे, त्याच्या वर कितीही गेलं तर परत शहराचे.

अहमदाबादच्या हातात काय आहे

आता याच नजरेने २०३० कडे बघा. बोलीत शेवटी दोनच शहरं होती, अहमदाबाद आणि नायजेरियाचं अबुजा. व्हिक्टोरियाने सोडलं, कॅनडातल्या अल्बर्टाने २०३० च्या बोलीचा नाद सोडला, त्याआधी डर्बनकडून २०२२ काढून घेतलेलं. म्हणजे गरज कॉमनवेल्थवाल्यांना होती, आपल्याला नव्हती. लॉस एंजेलिसची जी जागा १९७८ ला होती तिच्या जवळपासची जागा आज आपली आहे, आणि अशा वेळी अटी घालता येतात, खेळ कमी करा, नवीन बांधकाम नको, वाढीव खर्चाला मर्यादा. त्यासाठी लागणारं बरंच काही तिथे आहेही, नारणपुऱ्यात ८२५ कोटींचं वीर सावरकर क्रीडा संकुल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालंय, मोटेराचं १ लाख ३२ हजारांचं स्टेडियम आहे (ते क्रिकेटचं, धावण्याचा ट्रॅक नाही, म्हणून अॅथलेटिक्स कुठे हा प्रश्न राहतोच).

भीती आहे ती २०३६ ची. २०३० हे २०३६ चं ट्रेलर म्हणून दाखवायचं असेल तर काटकसर करायची इच्छाच राहणार नाही, उलट आम्ही किती मोठं करू शकतो हे दाखवण्यासाठी जास्त बांधलं जाईल. आणि २०३६ ला परिस्थिती उलटी आहे, कतार आहे, तुर्कस्तान आहे, इंडोनेशिया आहे, तिथे अटी आपण घालणार नाही, आपल्यावर घातल्या जातील. जून २०२५ मध्ये आयओसीने यजमान निवडायची पद्धत नव्याने तपासायला म्हणून ती प्रक्रिया थांबवली आहे, तेवढाच काय तो मोकळा वेळ. तोपर्यंत २०३० चा यजमान करार लोकांसमोर ठेवा, त्यातल्या हमीपत्रावर कोणाची सही आहे, केंद्राची, गुजरातची की महापालिकेची, आणि सहीखाली रकमेची मर्यादा लिहिलीय की जागा कोरी सोडलीय, एवढं संसदेत विचारायला कुठल्याही पक्षाच्या खासदाराला अडचण नसावी, आपल्या ४८ जणांनाही.